हॉलमधल्या टीव्हीसाठी बिनआवाजाचा लिनक्स पीसी – काय घ्यावं?

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी,

आमच्या हॉलमधला टीव्ही ५५ इंची, ४के आहे. पडदा अजून उत्तम, पण आतलं स्मार्ट प्रकरण पार थकलंय. अॅप उघडायला वेळ लागतो, अपडेट यायचे बंद झालेत. म्हणून ठरवलंय की टीव्ही नुसता पडदा म्हणून वापरायचा आणि खाली लिनक्सवर चालणारा छोटा पीसी ठेवायचा. घरातला जुना टॉवर जोडून त्यावर कोडी (सिनेमे-गाणी लावायचं सॉफ्टवेअर) चालवून पाहिलं. चित्र झकास आलं. घोडं अडलंय ते आवाजावर.

दादांकडे (माझे वडील) जुन्या मैफलींचं कॅसेटवरून उतरवून घेतलेलं बरंच गाणं आहे. रात्री जेवणं झाली की ते ऐकायला बसतात. विलंबित ख्याल रंगात आलेला असतो, गायक क्षणभर थांबतो आणि नेमकी त्या शांततेत टॉवरची घरघर ऐकू येते. दादा बोलत काही नाहीत, उठून बंद करतात. मला ते बघवत नाही.

तर गरजा अशा: दादांचं गाणं, आईची यूट्यूबवरची कीर्तनं, आणि माझे ४के सिनेमे. सगळं धरून बजेट साधारण पंचवीस हजार. पंखा अजिबात नसलेला घ्यावा की हळू फिरणारा चालेल? नाशकात एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशाला टेकतं, तेव्हा बिनपंख्याचं मशीन टिकेल का? इंटेल की एएमडी? जुना ऑफिसचा पीसी घेतला तर? आणि आई-दादांना रिमोटनेच चालवता आलं पाहिजे, कीबोर्ड त्यांच्या हातात द्यायचा नाही.

रात्रपाळी

रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडे हाच वाद गेल्या दिवाळीपासून चालू आहे.

अनघा_जेलरोड

चांगला धागा. प्रोसेसरचं नाव शेवटी ठरवा. आधी फायली कुठल्या प्रकारच्या आहेत ते बघा, कारण आवाजाचं मूळ तिथेच आहे. व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपमधल्या खास सर्किटने केलं तर काही वॅटमध्ये भागतं. ते सर्किट त्या फॉरमॅटसाठी नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो, तो तापतो आणि पंखा सुटतो. पंखा बदलून हा प्रश्न सुटत नाही.

एचइव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओ दाबून साठवायचे फॉरमॅट. इंटेलमध्ये सहाव्या पिढीला एचइव्हीसी ८ बिट हार्डवेअरमध्ये येतं, पण बहुतेक ४के एचडीआर (उजेड-रंगांच्या जास्त छटा दाखवणारे) सिनेमे १० बिट असतात. ते नीट यायला लागलं सातव्या पिढीपासून, व्हीपी९ १० बिटसकट. एव्ही१ मात्र अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० नंतर. यूट्यूबवर १०८०पीच्या वरचं सगळं व्हीपी९ नाहीतर एव्ही१मध्ये येतं, त्यामुळे हे तुमच्या आईच्या कीर्तनांनाही लागू आहे. एएमडीत एव्ही१ आरडीएनए२ या ग्राफिक्सच्या पिढीपासून आहे. ५६००जी हा चांगला प्रोसेसर आहे, पण त्यातलं ग्राफिक्स जुनं वेगा, एव्ही१ नाही. ६४०० आणि ६५०० एक्सटी ही स्वस्त कार्डं आरडीएनए२चीच, तरी त्यातून एव्ही१ काढून टाकलंय. तेव्हा पिढीच्या नावावर जाऊ नका.

माझं मत सरळ आहे: इंटेल एन१००. २०२३च्या सुरुवातीला आला, चार कोअर, टीडीपी (चिपची ठरवलेली उष्णता) ६ वॅट. एचइव्हीसी १० बिट, व्हीपी९, एव्ही१ तिन्ही हार्डवेअरमध्ये. लिनक्सवर इंटेलचा ड्रायव्हर उघडा (ओपन सोर्स) आहे, व्हीए-एपीआयमधून (ते व्हिडिओचं सर्किट वापरायचा लिनक्समधला मार्ग) कोडी आणि फायरफॉक्स दोघेही तो वापरतात. फायरफॉक्समध्ये तर ११५ आवृत्तीपासून इंटेलवर हे आपोआप चालू असतं. मशीन आणल्यावर व्हीएइन्फो ही कमांड चालवा. तुमचा फॉरमॅट त्या यादीत दिसला की निश्चिंत व्हा.

फिटर_सातपूर

अनघाताईंशी शंभर टक्के सहमत, फक्त यांत्रिक बाजू सांगतो. मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, आयुष्य ब्लोअर आणि बेअरिंगच्या आवाजात चाललंय, म्हणून या विषयात जीव अडकतो.

पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात कमी-जास्त होते, आवाज मात्र त्यापेक्षा फार वेगाने बदलतो. फेऱ्या निम्म्या केल्या तर हवा निम्मी, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून १२० मिलिमीटरचा पंखा ५००-६०० फेऱ्यांवर ठेवला तर एका हातावरूनही कळत नाही, आणि मिनी पीसीतला ४०-५० मिलिमीटरचा ब्लोअर तेवढीच हवा द्यायला काही हजार फेऱ्या घेतो. शिवाय त्याचा सूर बारीक असतो. घरघरीपेक्षा ती सुईसारखी शिट्टी कानाला जास्त टोचते, त्यातून गाणं ऐकणाऱ्याच्या कानाला तर नक्कीच.

दुसरं, घरातली धूळ. गेल्या रविवारी बहिणीकडचा मिनी पीसी उघडला. देवघर आणि टीव्ही एकाच भिंतीला. ब्लोअरच्या प्रत्येक पात्याच्या कडेला तपकिरी चिकट थर, बोटाने ओढला तर मेणासारखा सुटत होता. उदबत्तीचा धूर, फोडणीची वाफ आणि धूळ यांचा तो थर. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, त्यामुळे पंखा तोल सोडून थरथरत होता. नुसत्या फुंकणीने तो जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायच्या कापूसकाड्या घेऊन एकेक पातं पुसलं. आवाज लगेच उतरला.

इंदिरानगरकर, तुम्हाला पंखा नसलेलाच घ्या असं माझा जीव सांगतो, पण उन्हाळ्याचं गणित थोड्या वेळाने मांडतो, शिफ्ट सुरू होतेय.

कॅनडा_कॉर्नर

जुन्या ऑफिसच्या पीसींबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एलिटडेस्क मिनी ही कंपन्यांमधून निघालेली एक लिटरची मशीनं रिफर्बिश्ड बाजारात भरपूर मिळतात, आणि नव्या मिनी पीसीपेक्षा बांधणीला कितीतरी मजबूत असतात. आठव्या पिढीचा टी अक्षराचा (३५ वॅटचा) आय३ किंवा आय५ घ्या. फक्त दोन गोष्टी घट्ट धरा.

एक: पाठीमागचं पोर्ट. त्या काळच्या इंटेल ग्राफिक्समधून थेट येणारं एचडीएमआय १.४ असायचं. त्यावर ४के मिळतं, पण सेकंदाला ३० वेळाच. चोवीस फ्रेमचा सिनेमा चालून जातो, मेनू मात्र अडखळत सरकतो आणि ५० हर्ट्झचा कार्यक्रम नीट दिसत नाही. डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर त्यावर ४के ६० निघतं, पण टीव्हीला जोडायला डिस्प्लेपोर्ट-ते-एचडीएमआय २.० चा अॅक्टिव्ह अॅडॉप्टर लागतो. साधी पॅसिव्ह केबल आणलीत तर पुन्हा ३० वरच अडकाल. दुकानात पोर्टवर बोट ठेवून विचारा.

दोन: तिथल्या तिथे चालू करून अर्धा तास ठेवा आणि कान लावा. दुकानात गोंगाट असतो, तेव्हा बंद होण्याआधी शेवटचं गिऱ्हाईक व्हा.

पाय_प्रेमी

सगळे इंटेल-इंटेल करताहेत म्हणून उलट मत मांडतो. रास्पबेरी पाय ४ घ्या, अॅल्युमिनियमच्या केसमध्ये ठेवा, ती केसच हीटसिंकचं काम करते. पंखा शून्य, फिरणारा भाग शून्य. लिबरइलेक (फक्त कोडीसाठी बनवलेलं छोटं लिनक्स) टाकलं की थेट कोडी उघडतं. ४के ६० एचइव्हीसी हार्डवेअरमध्ये. आणि धागाकर्त्याला ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे ते पायमध्ये फुकट मिळतं: एचडीएमआय-सीईसी. टीव्हीच्याच रिमोटचे बाण दाबले की कोडी चालतं. आई-दादांना नवीन काही शिकवायचंच नाही. एन१००च्या पीसीत हे कुठून आणणार?

अनघा_जेलरोड

पाय_प्रेमी, सीईसीचा मुद्दा अगदी बिनतोड. पीसीच्या ग्राफिक्समध्ये ती तार सहसा जोडलेलीच नसते. त्यासाठी वेगळा यूएसबी अॅडॉप्टर लागतो.

पण यूट्यूबचं काय? पाय ४ला व्हीपी९ आणि एव्ही१ हार्डवेअरमध्ये नाही. पाय ५ आला २०२३च्या ऑक्टोबरमध्ये, त्यात तर एच.२६४चं हार्डवेअरही काढून टाकलं, फक्त एचइव्हीसी राहिलं. प्रोसेसर वेगवान असल्याने १०८०पी तो सॉफ्टवेअरने ओढतो, पण ओढताना तापतो, आणि पाय ५ला भरपूर काम दिलं की पंखा किंवा जाड हीटसिंक लागतोच. नुसता स्वतःचा सिनेमासंग्रह असेल तर पाय ४ मीही सुचवेन. इथे घरात तीन माणसांच्या तीन तऱ्हा आहेत.

पाय_प्रेमी

कीर्तन १०८०पीमध्ये बघितलं तर पुण्य कमी लागतं का? 🙂 बुवांच्या फेट्याचं सूत मोजायचं नाहीये.

रात्रपाळी

पुण्याचं माहीत नाही, पण माझ्या सासूबाईंना हार्मोनियमवर बोटं कशी पडतात ते स्पष्ट दिसायला हवं असतं. पेटी शिकतायत. त्यामुळे ४के.

मालेगाव_स्टँड

एवढा खटाटोप कशाला? अँड्रॉइडची स्टिक मिळते, टीव्हीत खोचली की काम फत्ते. आवाज नाही, वीज नाही, लिनक्सची डोकेदुखी नाही. नेटफ्लिक्स, प्राइम सगळं ४केमध्ये. पंचवीस हजार कुठे घालवता?

इंदिरानगरकर

मालेगाव_स्टँड, स्टिक आहे घरी. गाण्याच्या फायली शोधताना ती अडखळते, रागवार फोल्डर लावता येत नाहीत, आणि उघडली की पहिला अर्धा पडदा जाहिरातींचा. दादांना त्यांचं गाणं उघडल्या उघडल्या समोर दिसावं एवढंच मला हवंय. कोडीत ते करता येतं हे जुन्या टॉवरवर पाहिलंय.

अनघा_जेलरोड

दोघांचंही खरं आहे, आणि नंतर वाईट वाटू नये म्हणून हे आधीच सांगायला हवं. पैसे भरून बघायच्या ओटीटीचं कुलूप वाइडव्हाइन नावाचं आहे. लिनक्स डेस्कटॉपवर त्याची सगळ्यात वरची एल१ पातळी मिळत नाही, त्यामुळे ४के नेटफ्लिक्स लिनक्स पीसीवर मिळणार नाही, प्रोसेसर कितीही भारी घ्या. डॉल्बी व्हिजनच्याही मागे लागू नका, साधं एचडीआर१० धरून चाला. ओटीटीसाठी स्टिक राहू द्या, दुसऱ्या एचडीएमआयला. पीसी आपल्या फायलींसाठी, यूट्यूबसाठी आणि गाण्यासाठी.

फिटर_सातपूर

शिफ्ट संपली, आता उन्हाळ्याचं गणित.

हीटसिंक तापमान ‘किती अंश’ असं धरून ठेवत नाही, तो ‘खोलीपेक्षा किती अंश जास्त’ एवढंच ठरवतो. जानेवारीत खोलीत २० अंश असताना चिप ५५वर असेल, तर मेमध्ये ४०च्या खोलीत त्याच सिनेमाला ती ७५च्या आसपास जाईल. एन१००ची कमाल मर्यादा १०५ अंश आहे, म्हणजे उघड्यावर ठेवलेलं बिनपंख्याचं मशीन नाशकाच्या उन्हाळ्यात आरामात तगेल. पण हे उघड्यावर ठेवलं तर. टीव्हीखालच्या काचेच्या दाराच्या कपाटात कोंडलं, वर सेट-टॉप बॉक्स ठेवला, बाजूला राउटर, तर त्या कप्प्यातलीच हवा ५०-५५ होते. चिप तरी टिकेल, पण एसएसडी आणि अॅडॉप्टरमधले कपॅसिटर अशा उष्णतेत लवकर म्हातारे होतात. कपाटाच्या पाठीला वर आणि खाली भोकं पाडा, गरम हवा वरून आपोआप निघते. सुतार दहा मिनिटांत करून देतो.

मी स्वतः घेतलं असतं ते असं: एन१०० सोल्डर केलेला बिनपंख्याचा मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराचा) मदरबोर्ड. असूसचा प्राइम एन१००आय-डी आणि अॅसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स हे दोन आहेत. अॅसरॉकचा थेट लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालतो, म्हणजे एसएमपीएसचा (पीसीतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचा) पंखाही गेला. रॅमची खाच एकच, आणि एकात लॅपटॉपची रॅम लागते, दुसऱ्यात डेस्कटॉपची, ते बघून घ्या. जाळीच्या केसमध्ये बसवा आणि एक १२० मिलिमीटरचा चार पिनचा पंखा रबरी खुंट्यांवर लावून ठेवा. चिप ७०च्या खाली असेल तर तो थांबलेला, वर गेली की सगळ्यात कमी फेऱ्यांवर. काही बोर्डांत हे बायोसमध्येच (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) करता येतं, नाहीतर लिनक्समध्ये एलएम-सेन्सर्स आणि फॅनकंट्रोल आहेत. मेमधल्या दुपारी फिरेल, रात्रीच्या गाण्याला नाही.

कॅनडा_कॉर्नर

फिटरभाऊ, मांडणी सुरेख, पण बोर्ड, रॅम, एसएसडी, केस, अॅडॉप्टर, पंखा असं सुटं जमवताना बजेट ताणलं जातं. रॅमचे भाव तर पाण्यासारखे वरखाली होतात. तयार एन१००चा मिनी पीसी यापेक्षा स्वस्तात पडतो.

फिटर_सातपूर

पडतो, आणि त्यात तोच बारीक ब्लोअर असतो. तयार घेतलाच तर बायोसमध्ये पॉवर लिमिट बघा. बरेच विक्रेते ६ वॅटच्या चिपला १५-२० वॅट, कधी त्याहून जास्त खायची मोकळीक देऊन पाठवतात, म्हणजे जाहिरातीत आकडे चांगले दिसतात. ती १० वॅटवर आणा. सिनेमा बघताना काडीचा फरक पडत नाही, कारण काम व्हिडिओचं सर्किट करतंय. पंखा मात्र शांत होतो.

ओझरचे_काका

मी निवृत्त माणूस, पण हा छंद जुना आहे. सीआरटी टीव्हीला पीसी जोडायचो तेव्हापासूनचा. कोडीचं नाव तेव्हा एक्सबीएमसी होतं, २०१४ला बदललं.

एक भर घालतो. घराच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री असेल तर तिची एक केबल या पीसीला द्या. डीव्हीबी-एस२चं यूएसबी किंवा पीसीआयई ट्यूनर घ्या, लिनक्सवर चालतो याची खात्री करूनच. फ्री डिश जीसॅट-१५वर आहे, ९३.५ अंश पूर्व. टीव्हीहेडएंड नावाची प्रणाली त्यातल्या बिनकुलुपाच्या वाहिन्या पकडते आणि कोडीत यादी करून देते. सह्याद्रीवरचा गाण्याचा कार्यक्रम मी झोपलेलो असतो तेव्हा आपोआप रेकॉर्ड होतो. महिन्याचं भाडं काही नाही.

आणि कोडीच्या सेटिंगमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट कार्यक्रमाप्रमाणे बदलायची सोय आहे, ती जरूर चालू करा. आपली दूरदर्शनची परंपरा २५ फ्रेमची, म्हणून वाहिन्यांना ५० हर्ट्झ लागतं. सिनेमा २४चा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर चोवीस फ्रेमचा सिनेमा लावला की एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा अशी दाखवावी लागते. कॅमेरा हळूहळू डोंगरावरून फिरतो तिथे चित्र लंगडतं. पुष्कळ जण मशीन कमी पडतंय म्हणून नवीन घेतात, आणि कारण एवढंसं असतं.

रात्रपाळी

काका, ही लंगडण्याची भानगड मला कितीतरी वर्षं दिसत होती, नाव आज कळलं. आत्ता जाऊन बदलते.

रात्रपाळी

बदललं. बदललं!! काका, मिसळ माझ्याकडून.

ओझरचे_काका

तर्री वेगळी, तिखट कमी. येतो.

सिन्नर_फाटा

अवांतर: ज्या नाशकात दादासाहेब फाळक्यांनी बिऱ्हाड केलं, चित्रपट कंपनी चालवली आणि १९४४ला देह ठेवला, तिथे चित्र लंगडू नये म्हणून माणसं रात्री अकराला सेटिंग बदलतायत. मला हे फार आवडलं. पांडवलेण्याच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात मुलांना नेलं होतं. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यापासून हे सगळं कुठवर आलं हे त्यांना घरच्या टीव्हीवरून समजावता येतं.

स्वरवेडा

धाग्यात हार्ड डिस्कचा विषय कसा नाही आला? पंखा घालवला की पहिली ऐकू येते ती डिस्क. ३.५ इंची डिस्क लाकडी कपाटात ठेवली की फळीच गुणगुणायला लागते, आणि हेड हललं की कुरकुर. पीसीत फक्त एसएसडी ठेवा, मोठ्या डिस्का दुसऱ्या खोलीत. जुना टॉवर आहे ना तुमच्याकडे? तोच माळ्यावर ठेवून फाइल सर्व्हर करा, एनएफएसने (नेटवर्कवरून फायली वाचायची पद्धत) कोडीला जोडा. तिथे हवा तेवढा घरघरू दे. मात्र तो चोवीस तास चालू ठेवू नका. ६० वॅट धरले तर महिन्याला ४३ युनिट होतात. एन१००चं मशीन १० वॅटवर महिनाभर चालू राहिलं तरी ७ युनिट.

केबल टाका, वायफायवर विसंबू नका. ४के ब्लू-रेचा प्रवाह १०० मेगाबिटच्याही वर जाऊ शकतो, गिगाबिटची साधी केबल ते सहज पेलते.

आता दादांसाठी. गाणं ऐकायला टीव्हीचे स्पीकर की वेगळा अॅम्प्लिफायर? अॅम्प असेल आणि पीसीच्या ३.५ मिलिमीटरच्या भोकातून तार नेलीत, तर पंख्याच्या जागी ५० हर्ट्झची गुणगुण येऊ शकते. पीसी, टीव्ही आणि अॅम्पच्या अर्थिंगमध्ये चक्र तयार होतं त्याची ती गुणगुण. ऑप्टिकल तारेने जोडलं की वीज जायला वाटच राहत नाही, गुणगुण बंद. दोन चॅनलच्या गाण्याला ऑप्टिकल भरपूर झालं. सिनेमातले डॉल्बी ट्रूएचडीसारखे प्रकार ऑप्टिकलमधून जात नाहीत, त्याला एचडीएमआयच लागतं.

इंदिरानगरकर

स्वरवेडा, अॅम्प आहे, दादांचाच, ऑप्टिकलचं भोक असलेला. गुणगुण आत्ताही येते आणि मी ती टॉवरच्या माथी मारत होतो. उद्याच तार आणतो.

लाइटचं काय करायचं? आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून तीनतीनदा झटका देते. इन्व्हर्टर आहे, पण बदलताना पीसी एखाद्या वेळी बंद पडतो.

कॅनडा_कॉर्नर

लिबरइलेकची मुख्य प्रणाली डिस्कवर फक्त वाचता येईल अशा एका बंद फायलीत असते, अचानक लाइट गेल्याने ती सहसा बिघडत नाही. तुमच्यासारख्या घरात ही जमेची बाजू. बायोसमध्ये ‘वीज परत आली की आपोआप चालू हो’ हा पर्याय लावा, म्हणजे दादांना बटण शोधायला नको. राउटरसाठी मिळतो तसा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस १९ व्होल्टच्या बोर्डाला चालणार नाही, तो घेऊ नका.

अनघा_जेलरोड

लिबरइलेकच्या बाजूने आणखी एक: त्याची जेनेरिक आवृत्ती एक्स विंडोशिवाय (डेस्कटॉपच्या मधल्या थराशिवाय) थेट जीबीएमवर चालते, त्यामुळे इंटेलवर एचडीआर१० नीट मिळतं. अडचण अशी की त्यात ब्राउझर नाही. कोडीचं यूट्यूब अॅड-ऑन चालवायला स्वतःची एपीआय की (यूट्यूबशी जोडायची वैयक्तिक किल्ली) काढावी लागते. एकदा बसून केलं की झालं, पण ते तुम्हालाच करावं लागेल. ब्राउझर हवाच असेल तर डेबियनवर (नेहमीचं डेस्कटॉप लिनक्स) कोडी आणि फायरफॉक्स दोन्ही टाका, मग एचडीआरवर थोडं पाणी सोडावं लागेल. आईंची कीर्तनं की तुमचा एचडीआर, घरात ठरवा.

एएमडीचं विचारलं होतंत ते राहिलं. सिनेमाला एएमडीही चालतं. फक्त २०२४मध्ये एचडीएमआय फोरमने उघड्या ड्रायव्हरमध्ये २.१ आणायला नकार दिला, त्यामुळे ४के १२०चं स्वप्न पाहून एएमडी घेऊ नका. ४के ६०ला काही अडत नाही.

इंदिरानगरकर

सगळ्यांचं वाचून घरात बोललो. ठरलंय ते असं. फिटरभाऊंचा बिनपंख्याचा एन१०० बोर्ड, १९ व्होल्टवर चालणारा. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. पंखा लावून ठेवणार, पण बंद. जुना टॉवर माळ्यावर, सिनेमे बघायचे तेव्हाच चालू. दादांच्या गाण्याच्या फायली सगळ्या मिळून एसएसडीवर मावतात, तेव्हा त्या पीसीतच राहतील, म्हणजे गाण्यासाठी टॉवर लागणारच नाही. ओटीटीला स्टिक. आणि मी एचडीआरवर पाणी सोडलंय, डेबियन टाकतो. आई म्हणाली, तुझा सिनेमा महिन्यातून एकदा, माझं कीर्तन रोज.

रिमोटचं मात्र अजून कळलेलं नाही. सीईसीचा यूएसबी अॅडॉप्टर की वेगळा रिमोट?

पाय_प्रेमी

आईंचा निकाल मान्य, पाय माघारी घेतो.

सीईसी अॅडॉप्टर मिळाला तर उत्तमच, पण महाग आणि आपल्याकडे शोधावा लागतो. फ्लर्क नावाचं यूएसबी रिसीव्हर बघा. घरातला कुठलाही जुना इन्फ्रारेड रिमोट त्याला शिकवता येतो, आणि पीसीला तो कीबोर्ड वाटतो, त्यामुळे लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर लागत नाही. बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा रिमोट असेल तर तोच घ्या, बटणं मोठी असतात. शिकवताना बाण, ओके, मागे आणि आवाज एवढीच बटणं द्या. बाकीची रिकामी राहू देत, म्हणजे चुकून दाबली तरी काही होत नाही.

फिटर_सातपूर

रिसीव्हर छोट्या यूएसबी एक्स्टेन्शनवर लावून टीव्हीच्या कडेला चिकटवा. पीसीच्या मागे खोचलात तर रिमोटचा किरण पोचत नाही. आणि पीसी झोपलेला असताना रिमोटने उठायला हवा असेल तर बायोसमध्ये यूएसबी वेक चालू करा, लिनक्समध्येही त्या यूएसबी उपकरणाचं वेकअप चालू आहे का ते बघा. बोर्डावर काही यूएसबी पोर्टांना झोपेत वीज मिळते, काहींना नाही. एकेक पोर्ट बदलून बघायचं.

रात्रपाळी

इंदिरानगरकर, जुळवाल तेव्हा फोटो टाका, आणि कुठल्या दुकानात काय भावाने मिळालं तेही. आमच्या सासूबाईंची यादी तयार आहे.